पावसाच्या पाण्याचा शहरी आराखडा: तो कसा करावा आणि त्यासाठी पैसा कसा उभा करावा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच २४ तासांत, त्याच महापालिकेच्या हद्दीत, कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरच्याही आत राहिला. पावसाच्या पाण्याचे नियोजन करू पाहणाऱ्या कोणत्याही शहराने हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून कामाला सुरुवात करावी. "शहरात किती पाऊस पडतो" या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे त्यांतून लगेच कळते. पाणी कोठे पडते, तेथून कोणत्या वाटेने उतरते, शेवटी कोठे जाऊन थांबते आणि या संपूर्ण वाटेची देखभाल वर्षानुवर्षे कोणाच्या पैशातून व्हायची, या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर येतात तेव्हाच त्याला आराखडा म्हणता येते. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या तिघांची उत्तरे सल्लागाराच्या अहवालात असतात आणि चौथ्याचे उत्तर कोठेच नसते. हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातील शहरांना समोर ठेवून, नगर अभियंते, नगरसेवक आणि जागरूक नागरिक या तिघांसाठी लिहिला आहे.

आधी जबाबदारी कोणाची ते लिहून काढावे

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते आणि गटारे बांधणे व ती सुस्थितीत ठेवणे हे त्यांपैकी एक आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू असला तरी तेथेही हे कर्तव्य ऐच्छिक नाही. मात्र कायद्यात एक असलेली ही जबाबदारी प्रत्यक्षात अनेक टेबलांवर वाटली गेलेली असते. रस्त्याकडेची पावसाळी गटारे पथ विभागाकडे, नाले मलनिस्सारण किंवा पर्जन्यजल विभागाकडे, तळी उद्यान विभागाकडे, इमारतींची परवानगी बांधकाम विभागाकडे, नदी जलसंपदा विभागाकडे आणि रुळांखालची मोरी रेल्वेकडे असते. मुंबईची मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटर लांबीची आहे, तरी तिच्या रुंदीकरणाचे काम २००५ नंतर महापालिका आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागले गेले. म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. प्रत्येक नाल्याचे उगमापासून मुखापर्यंत तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यापुढे मालक, सफाई करणारा आणि खर्च करणारा, अशी तीन नावे लिहावीत. ज्या तुकड्यापुढे एकही नाव येत नाही, तेथेच बहुधा दरवर्षी पाणी तुंबत असते.

पाणलोटाचा नकाशा करावा, प्रभागाचा नव्हे

नगरसेवकाचा निधी प्रभागाला मिळतो, निविदा प्रभागाची निघते आणि पाणी मात्र उताराने वाहते. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरउतारावरून निघतो आणि दाट वस्तीच्या अनेक प्रभागांतून वाट काढत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला आणि शहराच्या दक्षिण भागातील इतर ओढ्यांना पूर आला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या रात्री खालच्या सोसायट्यांत शिरलेले पाणी त्यांच्या प्रभागात पडलेले नव्हते. ते कितीतरी वरून आले होते. खालच्या प्रभागाने आपल्या हद्दीत कितीही सुबक भिंत बांधली तरी तिने वरचे पाणी कमी होत नाही, आणि भिंतीमुळे ओढा अरुंद झाला असेल तर उलट ते चढते.

नकाशासाठी तीन थर लागतात. पहिला थर जमिनीच्या पातळ्यांचा, म्हणजे समपातळी रेषांचा, आणि शहरासाठी त्या किमान अर्ध्या मीटरच्या अंतराने असाव्यात. दुसरा थर अस्तित्वात असलेल्या वाहिन्यांचा. यात गटार कोठे आहे एवढे दाखवून भागत नाही, तर प्रत्येक चेंबरची तळपातळी, वाहिनीचा व्यास, तिचा उतार आणि तिच्यात साचलेला गाळ यांचीही नोंद लागते. अनेक नगरपालिकांकडे ही माहिती कागदावर नसते; ती निवृत्तीला आलेल्या मुकादमाच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की शहर ती गमावते. म्हणून सर्वेक्षणाच्या पथकात अशा माणसाला आवर्जून सोबत घ्यावे. तिसरा थर जुन्या नकाशांचा. गावनकाशे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके यांवर जे ओढे ठळक दिसतात, ते आजच्या विकास योजनेच्या नकाशावर आहेत की नाहीत हे एकेक करून ताडून पाहावे. कागदावरून पुसलेला ओढा जमिनीवरून पुसला जात नाही. तो पावसाळ्यात परत येतो आणि तेव्हा त्याच्या जागी कोणाचे तरी घर असते.

नदीकाठाच्या शहरांत यावर आणखी दोन रेषा येतात. आपल्या राज्यात २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पातळीला निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पातळीला लाल रेषा म्हणण्याची पद्धत आहे. या रेषा नद्यांसाठी आखल्या जातात, शहरातील ओढ्यांसाठी बहुधा आखल्या जात नाहीत. माझ्या मते शहराने आपल्या मुख्य ओढ्यांसाठीही त्या स्वतःहून आखून घ्याव्यात, कारण बांधकाम परवानगी नाकारताना अभियंत्याच्या हातात नकाशावरची रेषा असेल तरच त्याचे म्हणणे टिकते.

किती पाऊस धरायचा

सर्वांत जास्त चुका येथेच होतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटीची वेळ गृहीत धरून बांधलेली होती, आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच वाहून येईल, उरलेले जमिनीत मुरेल, असे तीत मानलेले होते. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास सुरू होऊन १९९३ मध्ये मुंबईच्या पर्जन्यजल निस्सारणाचा जो 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल तयार झाला, त्याने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरावा आणि तो सगळाच वाहून येईल असे मानावे, अशी शिफारस केली. वरवर पाहता हे दुप्पट वाटते. प्रत्यक्षात पाऊस दुप्पट आणि वाहून येणारा हिस्साही दुप्पट, म्हणजे वाहिनीला पेलायचे पाणी चौपट होते.

हिशेबाचे सूत्र साधे आहे. पाणलोटाचे क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्यापैकी वाहून येणारा हिस्सा, या तिघांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. समजा, १२० हेक्टरांचा एक पाणलोट आहे, त्यात शेते आणि माळ आहेत, गुणांक ०.४ आहे आणि पाऊस ताशी ६० मिलिमीटर धरला आहे. उत्तर येते सेकंदाला ८ घनमीटर. पंधरा वर्षांनी त्याच जागी सिमेंटचे रस्ते, छपरे आणि फरसबंद वाहनतळ येतात, गुणांक ०.८ होतो आणि तोच पाऊस सेकंदाला १६ घनमीटर पाणी पाठवू लागतो. हवामानात काडीचाही फरक पडलेला नसताना खालचा नाला अपुरा झालेला असतो. म्हणून गुणांक आजच्या जमिनीवरून काढणे चूक आहे. विकास योजना पूर्ण भरेल तेव्हा जी जमीन असेल, तिच्यावरून तो काढावा.

पावसाची तीव्रता ठरवताना २४ तासांचा आकडा उपयोगी पडत नाही. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मुखापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळातला जोरदार पाऊस धरावा लागतो आणि शहरी पाणलोटात हा वेळ १५ मिनिटे ते तास-दीड तास इतकाच असतो. त्यासाठी दर १५ मिनिटांची नोंद देणारे स्वयंचलित पर्जन्यमापक शहरभर हवेत. २००५ नंतर मुंबईने अग्निशमन केंद्रे आणि विभाग कार्यालयांवर असे मापक बसवले. लहान शहराला सुरुवातीला चार-पाच पुरतात आणि त्यांचा खर्च एका गल्लीच्या डांबरीकरणाहून कमी असतो.

यानंतर किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची २०१९ ची पर्जन्यजल निस्सारण पुस्तिका याबाबत शहराच्या आकारानुसार आणि भागाच्या महत्त्वानुसार मार्गदर्शन करते. मात्र हा निर्णय केवळ तांत्रिक नाही, तो सभागृहाने समजून घेऊन घ्यावा. ९४४ मिलिमीटरसाठी कोणतेही शहर गटारे बांधू शकत नाही. म्हणून आराखड्यात वाहिनी भरून वाहू लागल्यावर पाणी कोणत्या रस्त्याने, कोणत्या मैदानात जाऊ द्यायचे हेही लिहिलेले असावे आणि त्या वाटेवर रुग्णालय, वीज उपकेंद्र किंवा तळघरातील वाहनतळ येणार नाही याची खात्री करावी.

मुखापाशी काय होते ते पाहावे

वरचे सगळे हिशेब बरोबर असले तरी मुख बंद असेल तर ते व्यर्थ जातात. मुंबईची १८६ पातमुखे, म्हणजे नाल्यांची शेवटची तोंडे, समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. त्यांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीच्या खाली आहेत आणि फक्त ६ भरतीच्या वर आहेत. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला उताराने जायला वाटच उरत नाही, आणि ते उपसून टाकावे लागते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबंध ही उदंचन केंद्रे याच कारणासाठी उभी राहिली.

समुद्र नसलेल्या शहरांत हीच भूमिका नदी बजावते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेची पातळी चढते आणि तिला मिळणारे ओढे उलटे फुगतात. कोल्हापुरात पंचगंगा चढली की जयंती नाल्याच्या बाबतीत हेच घडते. म्हणून नाल्याची क्षमता मोजताना मुखाशी कोरडी नदी धरू नये. पुराच्या दिवसांतील नदीची पातळी धरावी.

कामांचा क्रम

सर्वांत स्वस्त काम म्हणजे आहे ती जागा वाचवणे, आणि तेच सर्वांत कमी होते, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही. विकास योजनेत नाला, त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी आणि यंत्र उतरवण्याची वाट आरक्षित करणे, हे पहिले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली योजनेवर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा पाणलोटाचा नकाशा तयार असेल तर नागरिकही नेमकी हरकत घेऊ शकतात.

दुसरे, पाणी वरच्या वरच अडवणे. वरच्या उदाहरणात विकासामुळे सेकंदाला ८ घनमीटर पाणी वाढले. तो जोर अर्धा तास टिकला असे मानले तर १४,४०० घनमीटर, म्हणजे १ कोटी ४४ लाख लिटर पाणी थोपवावे लागेल. दोन मीटर खोलीचे मैदान-तळे केले तर त्यासाठी पावणेदोन एकरांच्या आसपास जागा पुरते. वर्षातील बहुतेक दिवस ते खेळाचे मैदान राहते आणि काही तास तळे होते. मुंबईत हिंदमाता परिसरासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदान यांच्याखाली भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, त्यामागचे तत्त्व हेच आहे. मात्र जमीन मोकळी असतानाच उघडे तळे राखून ठेवले असते तर खर्च किती कमी झाला असता, हे प्रत्येक वाढत्या शहराने लक्षात घ्यावे. इमारतींच्या आवारातील पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी खड्ड्यातून जमिनीत मुरवण्याची, अट बांधकाम नियमावलीत आहे. ती भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासली जाते, पण पाच वर्षांनी खड्डा गाळाने भरला आहे का हे कोणी पाहत नाही.

वाहिन्या रुंद करणे तिसरे, आणि ते नेहमी मुखाकडून उगमाकडे करावे. वरचा भाग आधी रुंद केला तर पाणी अधिक वेगाने खालच्या अरुंद तुकड्यावर आदळते आणि आधी जेथे पाणी तुंबत नव्हते तेथे तुंबू लागते. उदंचन केंद्र सर्वांत शेवटी यावे, कारण त्याला वीज, डिझेल आणि तीन पाळ्यांची माणसे कायमची लागतात.

पूर्वगणनपत्रक आणि टप्पे

पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या खर्चाच्या आगाऊ हिशेबात, चालू दरसूचीनुसार खोदाई आणि काँक्रीट तर येतेच. त्यात भूसंपादन, बाधित कुटुंबांचे पुनर्वसन, आणि जलवाहिन्या, वीजतारा व दूरसंचार केबल हलवण्याचा खर्चही आधीपासून धरावा. ही शीर्षके वगळून प्रशासकीय मान्यता लवकर मिळवता येते, पण काम मध्यावर येऊन अडते आणि अर्धवट खोदलेला नाला पावसाळ्यात उघडा राहतो.

उशिराचीही किंमत असते. ब्रिमस्टोवॅडचा १९९३ चा अंदाज सुमारे ६१६ कोटी रुपयांचा होता. कामाला खरी गती २००५ च्या प्रलयानंतर आली, तेव्हा तोच आराखडा सुमारे १,२०० कोटींवर गेला होता आणि पुढे तो आणखी वाढत राहिला.

एका आर्थिक वर्षात न संपणाऱ्या कामासाठी पुढील वर्षांच्या तरतुदीचीही मान्यता सभागृहाकडून आधीच घ्यावी. तसे केले नाही तर दरवर्षी नाल्याचा निधी वर्गीकरणाने दुसऱ्या, अधिक दिसणाऱ्या कामाकडे वळण्याची वाट मोकळी राहते.

पैसा कोठून येतो

महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली आणि महसुली असे दोन खिसे असतात. नवी वाहिनी पहिल्या खिशातून होते, तिची सफाई आणि पंपाचे वीजबिल दुसऱ्यातून. बाहेरून येणारा जवळजवळ सगळा पैसा पहिल्या खिशात पडतो. पुढचे प्रत्येक साधन पाहताना हे ध्यानात ठेवावे.

केंद्राच्या योजनांपैकी २०१५ च्या अमृत अभियानात पर्जन्यजल निस्सारणाचा समावेश होता. २०२१ च्या अमृत २.० चा भर पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि जलाशयांच्या पुनरुज्जीवनावर आहे, त्यामुळे जुने तळे मोकळे करण्याचे काम त्यात बसवता येते, पण रस्त्याकडेचे गटार बसवणे अवघड जाते. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पुरासाठी सात महानगरांना मिळून २,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी आणि पुणे, बंगळुरू, हैदराबाद व अहमदाबाद यांना प्रत्येकी २५० कोटी होते. याच आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा आपत्ती येण्याआधीच्या सौम्यीकरणासाठी, म्हणजे तिचे नुकसान आधीच कमी करण्याच्या कामांसाठी, वेगळा ठेवला. मध्यम शहरांनी हा मार्ग अधिक नेटाने वापरायला हवा. त्यासाठी तुंबणाऱ्या ठिकाणांची नोंद, झालेल्या नुकसानीचे पंचनामे आणि पाणलोटनिहाय प्रस्ताव तयार असावा लागतो; पूर ओसरल्यावर घाईने केलेला प्रस्ताव मागे पडतो.

कर्जरोखे हा मोठ्या महापालिकांचा मार्ग आहे. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभे केले. पाणीपुरवठ्याला पाणीपट्टीचे उत्पन्न असते, पावसाळी गटाराला स्वतःचे काहीच उत्पन्न नसते, म्हणून अशा कामाच्या कर्जाची परतफेड मालमत्ता करातूनच करावी लागते, हे कर्ज काढण्यापूर्वी सभागृहापुढे स्पष्ट मांडावे.

बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क आणि अधिमूल्य हे मला सर्वांत न्याय्य साधन वाटते. पाणलोटात वाढलेले पाणी ज्या बांधकामांमुळे वाढले, त्यांच्याकडूनच वाहिनीचा खर्च यावा, यात कोणावर अन्याय नाही. अडचण एवढीच की हा पैसा सर्वसाधारण निधीत मिसळतो. त्यातील ठरावीक हिस्सा त्याच पाणलोटासाठी स्वतंत्र संकेतांकाखाली ठेवण्याचा ठराव करता येतो.

राहिला दुसरा खिसा, म्हणजे दरवर्षीची देखभाल. जर्मनीतील नगरपालिका सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगळे आकारतात आणि दुसरे शुल्क आवारातील फरसबंद व छपराखालच्या क्षेत्रफळावर ठरते. अमेरिकेतील बेलव्ह्यू शहराने अशी स्वतंत्र आकारणी १९७४ मध्येच सुरू केली. आपल्या मध्यम शहरात खासगी आवारांतील असे ४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि दर वर्षाला चौरस मीटरमागे ५ रुपये आहे असे समजू. जमा होतात वर्षाला २० कोटी. हजार चौरस मीटर छप्पर असलेल्या दुकानसंकुलाला ५,००० रुपये भरावे लागतील आणि ४० चौरस मीटरच्या बैठ्या घराला २०० रुपये. जो आपल्या आवारात पाणी मुरवतो त्याला सवलत दिली की शुल्कच शिस्त लावते. मात्र संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराविना कर बसवता येत नाही, तेव्हा त्यासाठी राज्याने आधी अधिनियमात तरतूद करावी लागेल. तोवर मालमत्ता करातील निश्चित टक्का ठरावाने राखून ठेवणे, एवढे महापालिकेच्या हातात आहे.

सफाई कशी मोजावी

नालेसफाईचे देयक बहुतेक ठिकाणी उचललेल्या गाळाच्या वजनावर आणि गाड्यांच्या फेऱ्यांवर निघते. त्या गाडीत राडारोडा होता की नाल्यातला गाळ, हे पावतीवरून कळत नाही. शिवाय शहराला किती गाळ निघाला याच्याशी कर्तव्य नसते, नाल्याचा तळ मूळ पातळीला आला की नाही याच्याशी असते. म्हणून सफाईपूर्वी आणि सफाईनंतर दर ५० मीटरवर तळपातळी मोजावी, ती छायाचित्रांसह प्रसिद्ध करावी आणि देयक त्या फरकावर काढावे. हा बदल करायला कोणतेही अनुदान लागत नाही. निविदेच्या अटींतील एक परिच्छेद बदलावा लागतो. मी राहतो त्या गल्लीत सिमेंटचा रस्ता एकावर एक थर देत इतका उंचावला की जाळ्या खाली राहिल्या आणि तळमजल्यांत पाणी शिरू लागले. त्या कामाच्या निविदेत रस्त्याच्या जाडीचा उल्लेख होता, जोत्याच्या पातळीचा नव्हता.

नागरिकांनी केव्हा बोलावे

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. त्यात पावसाळा संपता संपता क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज घेतले जातात. अशी सोय नसलेल्या शहरांतही हीच वेळ योग्य असते, कारण हिवाळ्यात विभागांचे प्रस्ताव पक्के होतात आणि त्यानंतर आयुक्त स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक मांडतात. जुलैमध्ये पाणी तुंबल्यावर निघालेला मोर्चा त्या वर्षीच्या तरतुदीला उशिराचा असतो. म्हणून तुंबलेल्या पाण्याची उंची भिंतीवर रंगाने खूण करून ठेवावी, तारीख आणि वेळ लिहावी, आणि सप्टेंबरमध्ये ती नोंद नकाशासह अर्जाला जोडावी. माहितीच्या अधिकाराखाली त्या नाल्याचे पूर्वगणनपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि दोष दायित्व कालावधी मागवावा. हा कालावधी संपण्याआधी दोष कळवला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते, नंतर ती महापालिकेच्या महसुली खिशातून होते.